एकीकडे ३६ बाइट, दुसरीकडे ४०: मशीन बदललं की स्ट्रक्टचा साइझ का बदलतो आणि त्यावर काय करायचं

प्रॉब्लेम साधारण असा दिसतो. एका मशीनवर बनवलेली फाइलसिस्टिमची इमेज तिथे मस्त चालते, चेक करणारं टूलही सगळं क्लीन सांगतं, आणि तीच इमेज दुसऱ्या प्रोसेसरवर लावली की करप्ट म्हणून मोकळं. परत पहिल्या मशीनवर आणा, ठणठणीत. मग लोक एसडी कार्ड बदलतात, कार्ड रीडर बदलतात, एन्डियनला (आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे त्या पद्धतीला) शिव्या घालतात, आणि बघायला जावं तर दोन्ही मशीन लिटल एन्डियनच असतात. दर काही महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं आणि दहातल्या बऱ्याच वेळा कारण एकच निघतं, ते म्हणजे डिस्कवर जे स्ट्रक्ट (सी भाषेतला, अनेक फील्ड एकत्र बांधणारा टाइप) जसंच्या तसं लिहिलंय त्याचा साइझ दोन कंपायलरनी वेगवेगळा काढलाय.

हे तेच लफडं आहे का हे ओळखायला फार डोकं लावावं लागत नाही. पहिली एन्ट्री बरोबर वाचली जाते आणि दुसरीपासून कचरा येतो, तर जवळपास नक्की हेच. किंवा हेक्सडंपमध्ये तुम्हाला हवी ती व्हॅल्यू दिसतेय पण ४ बाइट पुढे-मागे. किंवा चेकसम तुम्ही साइझऑफ (स्ट्रक्ट किती बाइटचं ते सांगणारा सी चा ऑपरेटर) वापरून काढताय आणि तो एकाच बाजूला जुळतो. एन्डियनचा घोळ असता तर पहिलीच एन्ट्री उलटी दिसली असती, मॅजिक नंबरच (फॉरमॅट ओळखायला सुरुवातीला लिहिलेला ठरावीक आकडा) उलटा आला असता, त्यामुळे मॅजिक बरोबर असेल तर एन्डियन सोडा आणि साइझकडे या.

आता कारण. सगळ्यात छोटं उदाहरण घ्या, एक टाइमस्टॅम्प, त्यात सेकंदांसाठी यू६४ (६४-बिट, म्हणजे ८ बाइटचा इंटिजर) आणि नॅनोसेकंदांसाठी यू३२ (४ बाइटचा). बेरीज १२ बाइट. पण एक्स८६-६४ वर याचा साइझऑफ १६ येतो आणि आय३८६ वर १२. कारण ६४-बिट मशीनवर यू६४ ला ८ च्या पटीतला पत्ता लागतो, आणि स्ट्रक्टचा अ‍ॅरे केला तर दुसऱ्या एन्ट्रीतला यू६४ पण ८ च्या पटीत बसायला पाहिजे, म्हणून कंपायलर शेवटी गुपचूप ४ बाइट घालतो. आय३८६ च्या एबीआयमध्ये (कंपायलरने पाळायच्या मशीनपातळीवरच्या नियमांत) मात्र स्ट्रक्टमधल्या ६४-बिट इंटिजरला ४ चीच अलाइनमेंट, म्हणजे ४ च्या पटीतला पत्ता पुरतो, सगळ्यात जुना नियम, आता बदलता येत नाही. म्हणून अ‍ॅरेमधली दुसरी एन्ट्री एकीकडे ऑफसेट १२ ला, दुसरीकडे १६ ला. वॉर्निंग येत नाही, एरर तर नाहीच, कारण सी भाषेच्या दृष्टीने दोघंही बरोबर आहेत.

आणि हे "३२-बिट विरुद्ध ६४-बिट" असं सरळ समीकरण पण नाहीये, तिथेच बरेच जण फसतात. ३२-बिट आर्म घ्या, हल्लीच्या ईएबीआयमध्ये यू६४ ला ८ चीच अलाइनमेंट आहे, म्हणजे वरचं स्ट्रक्ट तिथेही १६ बाइटचं. त्यामुळे "आम्ही ३२-बिट आर्म बोर्डवर टेस्ट केलंय, चालतंय" याचा आय३८६ साठी काही उपयोग नाही. जुन्या आर्मचा ओएबीआय तर अजून भारी, तिथे कुठलंही स्ट्रक्ट कमीत कमी ४ च्या पटीत, म्हणजे नुसते ३ कॅरॅक्टर ठेवले तरी साइझ ४. एक्सएफएस या लिनक्समधल्या फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये त्यासाठी वेगळा मॅक्रो ठेवावा लागला होता, जो फक्त त्या जुन्या आर्मवर पॅक्ड (म्हणजे जादा रिकामे बाइट घालू नको असं कंपायलरला सांगणारा शब्द) होतो आणि बाकी सगळीकडे रिकामा. याच्या उलट टोकाला एम६८के, म्हणजे मोटोरोलाचे जुने ६८००० घराण्यातले प्रोसेसर, तिथे ३२-बिट इंटिजरला पण २ चीच अलाइनमेंट पुरते, म्हणून एक यू३२ आणि एक यू१६ असं स्ट्रक्ट बाकी जगात ८ बाइट आणि तिथे ६. कोण वापरतो एम६८के असं म्हणाल, पण लिनक्समध्ये तो अजून आहे आणि चुका पकडायला फुकटचा मास्तर आहे, त्याबद्दल खाली.

हे झालं पॅडिंगचं, म्हणजे कंपायलर घालतो त्या रिकाम्या बाइटांचं. त्याशिवाय टाइपच बदलणारे भिडू वेगळे. लाँग ६४-बिट लिनक्सवर ८ बाइट, ३२-बिटवर ४, आणि ६४-बिट विंडोजवर परत ४. साइझ टी, टाइम टी, ऑफ टी, पॉइंटर, यातलं काहीही डिस्कवरच्या स्ट्रक्टमध्ये दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही, तिथेच थांबा आणि काढून टाका. एनम पण नको. लिनक्सच्या आर्म टूलचेनमध्ये एनम ४ बाइटचा असतो पण बेअर-मेटलच्या आर्म टूलचेनमध्ये डीफॉल्टनेच छोटा होतो, व्हॅल्यू मावत असेल तर १ बाइट, म्हणजे फर्मवेअर आणि लिनक्स दोघं एकाच फ्लॅशवर वाचत-लिहीत असतील तर एकाच प्रोसेसरवर दोन साइझ! बिटफील्डचं तर बोलूच नका, एन्डियन बदलला की बिटांचा क्रमच फिरतो.

शोधायचं कसं. सगळ्यात सोपं म्हणजे पाहोल, ड्वार्व्ह्ज नावाच्या पॅकेजमध्ये येतं. डीबग इन्फो चालू ठेवून ऑब्जेक्ट फाइल बनवायची आणि पाहोलला मोठ्या सी चा ऑप्शन देऊन स्ट्रक्टचं नाव द्यायचं, की प्रत्येक फील्डचा ऑफसेट, मध्ये कुठे होल (रिकामी जागा) आहे, शेवटी किती पॅडिंग आहे, एकूण साइझ किती, सगळं छापून येतं. यातली मजा अशी की ते फक्त ड्वार्फची, म्हणजे त्या डीबग इन्फोची माहिती वाचतं, कोड चालवत नाही, त्यामुळे बोर्ड हातात नसला तरी चालतं, क्रॉस कंपायलरने नुसती ऑब्जेक्ट फाइल काढा आणि आपल्या लॅपटॉपवरच बघा. एकदा नेहमीसारखं बिल्ड, एकदा जीसीसीला मायनस एम३२ देऊन, एकदा आर्मच्या क्रॉस कंपायलरने, तिन्हीचं आउटपुट डिफ करा. फरक असलाच तर ओळ तुमच्या डोळ्यासमोर. फक्त पाहोलमध्ये फील्डांचा क्रम बदलून देणारा ऑप्शनही आहे, तो मेमरीतल्या स्ट्रक्टसाठी ठीक, डिस्कवरच्या स्ट्रक्टला लावलात तर फॉरमॅटच बदलला, मग बसा.

पाहोल नसेल तर एक जुगाड आहे, साइझऑफ इतक्या लांबीच्या कॅरॅक्टर अ‍ॅरेचा पॉइंटर डिक्लेअर करा आणि त्याला १ असाइन करा, कंपायलर कुरकुर करताना टाइप छापतो आणि त्या टाइपच्या चौकटी कंसातच साइझ लिहून येतो. प्रोग्राम रन करायची गरज नाही. जीसीसीचा डब्ल्यू-पॅडेड म्हणून वॉर्निंग ऑप्शन पण आहे, पण तो सगळ्या प्रोजेक्टला लावू नका, वॉर्निंगांचा पाऊस पडतो, फक्त फॉरमॅटचा हेडर इन्क्लूड करणारी एक छोटी सी फाइल बनवून तिलाच लावा.

आता हा प्रकार किती महागात पडतो त्यासाठी एक्सएफएसची गोष्ट सांगतो, कारण "आमचं हौशी प्रोजेक्ट आहे म्हणून झालं" असं वाटायला नको. एक्सएफएस डिस्कचे मोठे तुकडे करतं, त्यांना अ‍ॅलोकेशन ग्रुप म्हणतात, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एका सेक्टरवर मोकळ्या ब्लॉकची एक छोटी यादी असते, एजीएफएल. मोकळ्या जागेचे बी-ट्री वाढायला लागले की ब्लॉक इथून उचलायचे. २०१३ च्या ३.१० कर्नलमध्ये सीआरसीवाला (म्हणजे चेकसमवाला) नवा व्ही५ फॉरमॅट आला तेव्हा या यादीला हेडर मिळाला. हेडरचा हिशोब असा:

ऑफसेट ० ला मॅजिक, ४ बाइट
ऑफसेट ४ ला ग्रुपचा नंबर, ४ बाइट
ऑफसेट ८ ला यूयूआयडी (फाइलसिस्टिमची ओळख), १६ बाइट
ऑफसेट २४ ला एलएसएन (लॉगमधला क्रमांक), ८ बाइट
ऑफसेट ३२ ला सीआरसी, ४ बाइट
ऑफसेट ३६ पासून ब्लॉक नंबरांची यादी, प्रत्येकी ४ बाइट

दिसायला किती स्वच्छ! मध्ये एकही होल नाही, एलएसएन २४ ला म्हणजे ८ च्या पटीत. पण आत एक ६४-बिट फील्ड आहे, म्हणून ६४-बिट मशीनवर साइझऑफ ३६ न येता ४० येतो. यादी खरी सुरू होते ३६ पासूनच, दोन्हीकडे, पण यादीत किती खाने मावतील हे काढताना कोड सेक्टरमधून साइझऑफ वजा करून ४ ने भागत होता. ५१२ च्या सेक्टरवर ३२-बिट एक्स८६ म्हणतो ११९ खाने, ६४-बिट म्हणतो ११८. आणि ही यादी गोल फिरते, शेवटच्या खान्यानंतर परत पहिला, म्हणजे संगीत खुर्ची खेळताना एकजण ११८ खुर्च्या मोजतोय आणि दुसरा ११९. सीआरसी पूर्ण सेक्टरवर असल्यामुळे तो दोन्हीकडे बरोबरच येतो, तिथून काही कळत नाही.

जोपर्यंत यादी गोल फिरून पुढे येत नाही तोपर्यंत काही होत नाही, म्हणून टेस्टमध्ये सापडणं अवघड. समजा ६४-बिटवर यादी ११५ व्या खान्यापासून सुरू होऊन २ ऱ्या खान्यावर संपते (खाने ० पासून मोजतात). तिथे ११५, ११६, ११७, ०, १, २, असे सहा ब्लॉक, आणि शेजारच्या ग्रुपच्या हेडरमध्ये (एजीएफ) पण सहा लिहिलेलं. तीच डिस्क ११९ मानणाऱ्याकडे गेली की त्याच्या हिशोबाने मध्ये ११८ नंबरचा खाना पण येतो, सात होतात, आणि त्या सातव्यात कोणी कधी खरा ब्लॉक नंबर लिहिलेलाच नाही. ३२-बिटवरचं रिपेअर टूल त्यामुळेच तक्रार करायचं.

फिक्स आला ४.५ कर्नलमध्ये, २०१६ साली, आणि तो म्हणजे फक्त त्या स्ट्रक्टला पॅक्ड लावणं. आता सगळीकडे ३६, सगळीकडे ११९. सुटलो? नाही ना. जगातल्या बहुतेक सगळ्या व्ही५ डिस्क ६४-बिट मशीनवर ११८ च्या हिशोबाने लिहिलेल्या होत्या, आणि आता तेच मशीन, तीच डिस्क, फक्त कर्नल अपडेट केला तर नवा कर्नल ११९ मोजणार. उलटही होतं, नव्या कर्नलने शेवटचा खाना म्हणजे ११८ नंबरचा वापरला आणि मग कोणी जुन्या कर्नलवर बूट केलं तर जुना म्हणतो हा इंडेक्स माझ्या मर्यादेबाहेर, मेटाडेटा करप्ट. म्हणजे आधी दोन आर्किटेक्चरमधला असलेला घोळ आता दोन कर्नल व्हर्जनमध्ये आला. शेवटी २०१८ ला ४.१७ मध्ये अशी सोय केली की कर्नल ग्रुपचा हेडर वाचतानाच आकडा जुळतो का बघतो, नाही जुळला तर ती यादी सरळ रिकामी करतो, थोडे ब्लॉक लीक होतात, आणि लॉगमध्ये सांगतो की अनमाउंट करून रिपेअर चालवा. तुमच्या जुन्या सर्व्हरवर अपग्रेडनंतर "करप्टेड एजीएफएल रीसेट केला" अशी वॉर्निंग आलेली असेल तर ती बहुतेक हीच भानगड, डिस्क मरायला टेकलीये असं लगेच समजू नका, रिपेअर चालवून घ्या.

चार बाइट, तेही शेवटचे, ज्यात काही लिहिलेलंच नसतं. माझं मत यावरून असं झालंय की डिस्क फॉरमॅटच्या बाबतीत साइझ हा कंपायलरला विचारायचा आकडाच नाही, तो आपण फॉरमॅट ठरवताना लिहायचा आणि कंपायलरला मान्य नसेल तर बिल्ड तोडायचं. एक्सएफएसने पण तेच केलं, त्यांच्याकडे एक वेगळा हेडर आहे ज्यात एकेका डिस्क स्ट्रक्टचं नाव आणि समोर आकडा, एजीएफ २२४, एजीएफएल ३६, अशी यादीच आहे, आणि एकही आकडा चुकला की कर्नल कंपाइलच होत नाही. तुमच्याकडे कर्नल नसेल तरी सी११ पासून स्टॅटिक असर्ट आहेच. प्रत्येक स्ट्रक्टखाली एक ओळ साइझऑफसाठी, आणि जमलं तर महत्त्वाच्या फील्डांसाठी ऑफसेटऑफची पण, कारण एकूण साइझ जुळूनही आतले ऑफसेट हललेले असू शकतात. आकडा हाताने बेरीज करून लिहा बरं का, प्रोग्राममधून साइझऑफ छापून तोच कॉपी करून असर्टमध्ये टाकणारे महाभाग आहेत, त्यांचा असर्ट त्यांच्या मशीनवर कायम पास होतो.

मग पॅक्ड सगळीकडे लावून टाकायचं का? बटरएफएस या फाइलसिस्टिमने तसंच केलंय, त्यांची डिस्कवरची स्ट्रक्ट सगळी पॅक्ड, आणि ते चालतंही. पण ते फील्ड वाचायला-लिहायला हेल्पर फंक्शन वापरतात, थेट पॉइंटर घेऊन खेळत नाहीत. आपण काय करतो, पॅक्ड लावतो आणि मग आतल्या यू६४ चा पत्ता घेऊन दुसऱ्या फंक्शनला देतो, त्या फंक्शनला काय माहीत की पत्ता वाकडा आहे, एक्स८६ वर खपून जातं आणि स्पार्कसारख्या मशीनवर ट्रॅप बसतो. जीसीसी ९ पासून याची वॉर्निंग आपोआप येते, ती बंद करू नका, ती खरंच बोलतेय. दुसरं म्हणजे पॅक्ड आत झिरपत नाही, बाहेरच्या स्ट्रक्टला लावलं तरी आतल्या स्ट्रक्टचं स्वतःचं पॅडिंग तसंच राहतं, त्यामुळे वरचा १२-१६ वाला टाइमस्टॅम्प दुसऱ्या पॅक्ड स्ट्रक्टमध्ये ठेवला तरी तो आपला १६ चा १६. तिसरं, नुसतं पॅक्ड म्हटलं की कंपायलर अलाइनमेंट १ धरतो आणि काही प्रोसेसरवर प्रत्येक फील्ड एकेक बाइटने जोडत बसतो. तुम्हाला माहितीये की स्ट्रक्ट नेहमी ४ च्या पटीत बसणार आहे, तर पॅक्ड आणि अलाइन्ड ४ हे दोन्ही एकत्र द्या, एजीएफएलसारखं ३६ हवं असेल तर ३६ च येईल आणि कोडही जरा बरा निघेल.

नवा फॉरमॅट बनवत असाल तर मात्र पॅक्डची वेळच येऊ देऊ नका. ठरलेल्या रुंदीचे टाइप, मोठी फील्ड आधी, प्रत्येक फील्ड आपल्या रुंदीच्या पटीत, आणि शेवटी जे ४ बाइट कंपायलर गुपचूप घालणार आहे ते तुम्हीच उघडपणे घाला, रिझर्व्ह्ड नावाने, एकूण साइझ ८ च्या पटीत येईल असं. लिहिताना ते शून्य करा आणि वाचताना शून्य आहे का तपासा, म्हणजे पुढे कधी तिथे फ्लॅग ठेवायचा झाला तर जागा तयार असते. लपलेल्या पॅडिंगचा अजून एक तोटा, त्यात मेमरीतला जुना माल तसाच डिस्कवर जातो, एकाच डेटाच्या दोन इमेज बाइट टू बाइट सारख्या येत नाहीत, आणि कर्नलमध्ये असेल तर ती सरळ माहितीची गळती.

एन्डियनसाठी लिनक्समध्ये ठरावीक टाइप आहेतच, ईएक्सटी४ ची फील्ड लिटल एन्डियन टाइपची, एक्सएफएसची बिग एन्डियन कारण ते मुळात एसजीआयच्या आयरिक्सवरून आलंय, आणि स्पार्स टूल चालवलं की कुठे कन्व्हर्जन राहिलंय ते पकडून देतं. स्पार्स साइझ मात्र पकडत नाही, ते काम असर्टचंच.

इमेज आधीच बाहेर गेल्या असतील आणि दोन साइझच्या असतील तर एजीएफएलकडून शिका, गुपचूप एक साइझ पक्का करून टाकू नका. सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टिमच्या मुख्य हेडरमध्ये) व्हर्जन वाढवा किंवा रेकॉर्डचा साइझच लिहून ठेवा. ईएक्सटी४ तसंच करतं, आयनोडचा (प्रत्येक फाइलच्या नोंदीचा) साइझ सुपरब्लॉकमध्ये असतो, पूर्वी १२८ होता, आता बहुतेक वेळा २५६, आणि कोड पुढच्या आयनोडवर जाताना त्या आकड्याने उडी मारतो, साइझऑफने नाही. जुन्या इमेजमध्ये तो आकडा नसेल तर दुसऱ्या एन्ट्रीचं काहीतरी ओळखता येण्यासारखं फील्ड १२ ला आहे की १६ ला, असं बघून ठरवता येतं, घाणेरडं आहे पण चालतं, फक्त हे रीड-ओन्ली कन्व्हर्टर टूलमध्ये ठेवा, मुख्य ड्रायव्हरमध्ये नको.

डिस्क ठीक आहे पण ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्रामचा आयओसीटीएल (प्रोग्रामने कर्नलला द्यायची खास कमांड) "डिव्हाइससाठी अयोग्य" म्हणून परत येतोय, हा याचाच चुलतभाऊ. आयओसीटीएलच्या नंबरमध्ये स्ट्रक्टचा साइझ गुंफलेला असतो, साइझ बदलला की नंबर बदलला, कर्नलला तो ओळखूच येत नाही. बटरएफएसमध्ये सबव्हॉल्यूम रिसीव्ह करतानाच्या एका आयओसीटीएलला वरचा तोच टाइमस्टॅम्प नडला होता, म्हणून त्यांना ३२-बिटवाल्यांसाठी वेगळं स्ट्रक्ट आणि वेगळा नंबर ठेवावा लागला. नवीन आयओसीटीएल लिहिताना यू६४ साठी कर्नलचा अलाइन्ड यू६४ टाइप वापरा, तो ३२-बिटवर पण ८ ची अलाइनमेंट धरतो, विषय संपला.

इमेज तीच, स्ट्रक्ट जुळतायत, सगळे असर्ट पास, आणि तरी आर्म६४ किंवा पॉवरपीसीवर माउंट होत नाही, तर पेज साइझ बघा. ६४के पेजचा कर्नल आणि ४के सेक्टरने बनवलेलं बटरएफएस, जुन्या कर्नलवर हे जमायचंच नाही, तो या पोस्टचा विषय नाही पण लक्षण सारखंच दिसतं म्हणून सांगून ठेवलं.

एम६८के चं म्हटलं होतं ना, तर बिल्ड सर्व्हरवर फॉरमॅटचा हेडर इन्क्लूड करणारी एक रिकामी सी फाइल ठेवा आणि ती एक्स८६-६४, आय३८६, ३२-बिट आर्म आणि एम६८के अशा चार कंपायलरने फक्त कंपाइल करा, लिंक नको, रन नको. काही सेकंदांचं काम आहे. आय३८६ वर यू६४ वाले झोल सापडतात, एम६८के वर यू३२ वाले. एक्सएफएसवाल्यांनी पण त्या यादीत एका अ‍ॅट्रिब्यूटच्या स्ट्रक्टपाशी कमेंट टाकलीये की एम६८के ला हे जमत नाही म्हणून सध्या तपासत नाही, तेव्हा तुमचंही एखादं तिथे अडकलं तर कारण काय ते तिथेच कमेंटमध्ये लिहा आणि पुढे जा.

एवढं करूनही जुळत नसेल तर विचारताना नुसतं "माउंट होत नाही" असं लिहू नका, दोन्ही बिल्डचं त्या स्ट्रक्टचं पाहोलचं आउटपुट, कंपायलरचं व्हर्जन आणि इमेजमधल्या त्या सेक्टरचा हेक्सडंप, हे तिन्ही द्या.